व्हर्ना हुफनागलच्या तोंडातल्या टाचण्या

व्हर्ना हुफनागलला केटर्स बेंडमधल्या जवळजवळ प्रत्येकाची कंबर माहीत होती, आणि बेचाळीस वर्षांत तिने एकाचाही आकडा दुसऱ्याला सांगितला नव्हता.

नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं औषधांचं दुकान आहे, त्याला लागूनच तिचं शिवणाचं दुकान होतं. लग्नाचे झगे, चर्चच्या गायनवृंदाचे झगे, पँटी आखूड करणं, कोट सैल करणं, असं जे येईल ते ती करायची. काम करताना तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या. माप देताना माणूस हमखास बोलायला लागतो. आहार चालू आहे, हिवाळ्यात जरा सुटलोय, ही बनियन जाड आहे, असं काहीबाही. त्यावर व्हर्ना फक्त ‘हं’ म्हणू शकायची. पुढे पुढे मला शंका यायला लागली की त्या टाचण्या ती याचसाठी तोंडात धरते.

एका उन्हाळ्यात एका नवऱ्या मुलीचा झगा महिन्यात दोनदा सैल करावा लागला. लग्नानंतर पाचव्या महिन्यात बाळ झालं. अख्ख्या गावाने बोटं मोजली. बायकांनी व्हर्नाला खोदून खोदून विचारलं. “कापड आटलं होतं,” एवढंच ती म्हणाली. आणि मर्ल ओटिंगर, फर्निचरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला आमचा फोरमन, आपली कंबर छत्तीस आहे असं शपथेवर सांगायचा. व्हर्ना त्याच्या पँटला आतून छत्तीसची चिठ्ठी शिवून द्यायची आणि पँट त्याला अगदी छान बसायची. ती खरोखर छत्तीसची होती का, ते तिला आणि देवाला माहीत.

पण बास्केटबॉल म्हटलं की हीच बाई ओळखू यायची नाही.

आमच्या गावात हॅडलर नावाचं छोटं कॉलेज आहे. दर जूनमध्ये व्यावसायिक संघ देशभरातल्या कॉलेजांतून आणि बाहेरच्या देशांतून साठ खेळाडू उचलतात. तीस पहिल्या फेरीत, तीस दुसऱ्या. याला ड्राफ्ट म्हणतात. हॅडलरचा एकच पोरगा आजवर त्यात उचलला गेला होता, तोही सत्तर सालच्या आसपास, आणि पहिला सामना खेळायच्या आत त्याचा गुडघा गेला. म्हणजे या विषयावर बोलण्यासारखं आमच्याकडे फारसं काही नव्हतं. तरीही पर्लच्या डायनरमधल्या खिडकीजवळच्या टेबलावर, नोव्हेंबर ते जून, रोज सकाळी साडेसहाला आम्ही दुसरं काही बोलायचो नाही. यंदा हॅडलरचा कोण जाणार, कितव्या नंबरवर जाणार, आणि का जाणार नाही.

टेबलावर आम्ही चौघं. मर्लचं मत असायचं की सगळे जाणार. पाद्री टिलफर्ड गेन्स यांचं मत असायचं की कुणीही जाणार नाही; ते प्रत्येकाचे हुकलेले नेम चर्चच्या रविवारच्या पत्रकाच्या मागे लिहून ठेवायचे. मी ऐकायचो, कारण कुणीतरी ऐकायला हवं. चौथी खुर्ची क्लेमची, व्हर्नाच्या नवऱ्याची. क्लेम शाळांच्या सामन्यांत पंच होता, आणि त्याच्या शिट्टीमुळे दोन तालुके त्याच्यावर खार खाऊन होते. तो गेला त्याच्या पुढच्या सोमवारी व्हर्ना डायनरमध्ये आली आणि त्याच्या खुर्चीत बसली.

मर्ल जरा घुटमळला. “व्हर्ना, इथे आम्ही खेळाचं बोलतो गं.”

“तीस वर्षं क्लेम घरी येऊन तुझी मतं मला ऐकवायचा, मर्ल,” ती म्हणाली. “त्यांना उत्तरं कोण सांगायचं, असं तुला वाटलं?”

झालं. ती खुर्ची तिची झाली. चेंडूकडे ती बघायचीच नाही, पोरांच्या पायांकडे बघायची. कोण दमलाय, कोणाचा घोटा दुखतोय, कोण उडी मारायच्या आधी एक पाऊल फुकट घालवतो. मर्लला ती एका वाक्यात झोपवायची, पाद्रीबुवांना दोन वाक्यं लागायची.

मग आला टॅव्हियन लकेट.

इव्हान्सव्हिलचा पोरगा. वडील नाहीत, आई एका शाळेत स्वयंपाकघर सांभाळायची. मोठ्या कॉलेजांनी त्याला घेतलं नाही म्हणून तो आमच्याकडे आला, आणि तिसऱ्या वर्षी असा काही खेळायला लागला की आमच्या जिममध्ये अनोळखी माणसं दिसू लागली. चांगले बूट घातलेली, छोट्या वहीत लिहिणारी, टाळ्या न वाजवणारी. माहितीपत्रकात त्याची उंची छापली होती, सहा फूट आठ इंच.

“पहिली फेरी!” मर्लने नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात टेबलावर मूठ आपटली. गव्हाच्या पिठाची पांढरी गरम ग्रेव्ही त्याच्या मऊ, पावासारख्या बिस्किटांवरून बशीत ओघळली. “सहा-आठचा माणूस, आणि असा धावतो! पहिल्या फेरीत नाही गेला तर मी माझी टोपी खाईन.”

“टोपीला ग्रेव्ही लागेल,” पाद्रीबुवा म्हणाले. त्यांनी पत्रक उलटं केलं. “डाव्या हाताने एकवीस प्रयत्न, सहा यशस्वी. आणि आपण खेळतो कुणाशी? लंगड्या संघांशी. नाही जाणार मर्ल. प्रार्थना करीन मी त्याच्यासाठी, पण नाही जाणार.”

“तुम्ही प्रार्थना करता आणि मग स्वतःच विश्वास ठेवत नाही, हे बरं आहे!”

मग दोघांनी सवयीने व्हर्नाकडे पाहिलं. व्हर्नाने बिस्किटाला लोणी लावलं.

“चांगला पोरगा आहे,” ती म्हणाली.

आम्ही वाट पाहिली. पुढे काही आलं नाही. तिने बिस्किट खाल्लं, कॉफी संपवली आणि गेली.

असं आठवडाभर चाललं, मग महिनाभर. टॅव्हियनचं नाव निघालं की व्हर्ना खिडकीतून बाहेर बघायची. दुसऱ्या पोरांबद्दल ती पूर्वीसारखीच तोडून बोलायची; बास्केटखाली उभ्या राहणाऱ्या एका लठ्ठ सेंटरबद्दल ती म्हणाली होती की तो उडी मारतो तेव्हा खालून वर्तमानपत्र सरकवता येणार नाही. पण टॅव्हियनबद्दल एक शब्द नाही.

मर्ल काळजीत पडला. एक दिवस तो माझ्या दुकानात आला, आजूबाजूला बघितलं आणि काउंटरवर ओणवा झाला.

“डॉक, व्हर्नाला काय झालंय?”

“काही नाही.”

“कसल्या गोळ्या नेते ती तुझ्याकडून? मला सांग. मी मित्र आहे.”

“सांगतो. मग तू कसल्या नेतोस ते तिला सांगू ना?”

मर्ल सरळ उभा राहिला, खोकल्याची एक बाटली घेतली आणि निघून गेला. त्याला खोकला नव्हता.

खरी गोष्ट मला नंतर कळली, आणि ती व्हर्नानेच सांगितली. ऑक्टोबरमध्ये कॉलेजने ठरवलं होतं की परगावच्या सामन्यांना संघ सूट घालून जाईल. चौदा पोरांची मापं व्हर्नाने घेतली. टॅव्हियन मोज्यांवर उभा राहिला. तिने मानेपासून टाचेपर्यंत फीत सोडली, वाचली, पुन्हा सोडली. मग वर बघितलं. पोरगा भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे टक लावून बघत होता.

“मिस व्हर्ना,” तो म्हणाला, “तुम्ही हे लिहून ठेवता का?”

“कोटाचं लिहिते, पँटचं लिहिते. उंचीचा रकाना माझ्या वहीत नाही.”

“शाळेत कोचने सहा-सात लिहिलं होतं. इथे आलो तर सहा-आठ झालं. मी काही केलं नाही.”

“अजून दोन वर्षं राहिलास तर छताला लागशील,” व्हर्ना म्हणाली. “हात पसर.”

त्याने हात पसरले. आणि व्हर्नाच्या तोंडातली टाचणी खाली पडली. बेचाळीस वर्षांत तसं झालं नव्हतं, असं ती म्हणाली. बाही तिने तीनदा मोजली. तेवढ्या लांब बाहीला आणलेलं कापड पुरणार नव्हतं; तिला वेगळं मागवावं लागलं.

म्हणजे अख्खं गाव ज्यावर भांडत होतं ते व्हर्नाला दोन्हीकडून माहीत होतं. पोरगा सगळे समजतात त्यापेक्षा पुरा तीन इंच बुटका होता, आणि त्याचे हात सगळे समजतात त्यापेक्षा कितीतरी लांब होते. पहिली गोष्ट कळली तर त्याचं नुकसान, दुसरी कळली तर फायदा. एक सांगितली तर दुसरी सांगावी लागणार, आणि व्हर्ना कुणाचं माप सांगत नसे. मग भांडायचं कशाच्या जोरावर?

“मला खोटं भांडता येत नाही, डॉक,” ती म्हणाली. “खरं भांडता आलं असतं तर मर्लला मी डिसेंबरातच लोळवला असता.” हे सांगताना तिचा चेहरा उपाशी माणसासारखा झाला होता.

फेब्रुवारीत फेंटन आला. माझ्या पांढऱ्या कोटाचं बटण तुटलं होतं म्हणून मी व्हर्नाकडे बसलो होतो. दार उघडून एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस आत आला. हातात पँट, पायात ते चांगले बूट. लॉइड फेंटन, एका व्यावसायिक संघासाठी खेळाडू हेरणारा, असं त्याने आपणहून सांगितलं.

“पँट आखूड करायची आहे,” तो म्हणाला. “घाई नाही. छान दुकान आहे हो तुमचं. कॉलेजच्या पोरांचे सूट तुम्हीच शिवले म्हणे?”

“उभे राहा सरळ,” व्हर्ना म्हणाली आणि टाचण्या तोंडात घेतल्या.

“सहा-आठच्या माणसाला कापड बरंच लागत असेल.”

“हं.”

“म्हणजे समजा, लकेटसारख्याला. इनसीम, म्हणजे पँटची आतली शिवण, किती असेल त्याची? अंदाजाने.”

“हं.”

“माझा एक पुतण्या आहे. हुबेहूब लकेटच्या अंगाचा. मी म्हटलं, तुमच्याकडे ते माप आहेच, तर त्यावरूनच एक सूट…”

व्हर्नाने टाचण्या तळहातावर काढल्या. “पुतण्याला घेऊन या.”

“तो अलास्कात असतो.”

“मग त्याला गरम कोट लागेल. आणूनच मोजू.”

फेंटन हसला. मग त्याने आतल्या खिशातून एक पाकीट काढून मशीनवर ठेवलं. इंडियानापोलिसच्या सामन्याची दोन तिकिटं, पहिल्या रांगेतली. व्हर्ना जन्मात कधी व्यावसायिक सामन्याला गेली नव्हती. क्लेम दर वर्षी नेतो म्हणायचा आणि दर वर्षी कुठल्यातरी शाळेत शिट्टी वाजवायला जायचा. तिने पाकीट उघडलं. तिकिटं बाहेर काढली, चष्मा वर करून रांग वाचली, खुर्चीचा नंबर वाचला. मी माझ्या बटणाकडे बघत बसलो. तिकिटं तिने परत पाकिटात घातली, पाकीट फेंटनच्या वरच्या खिशात खोचलं आणि खिशावर थोपटलं.

“तुमची स्वतःची उंची किती म्हणालात?”

“पाच-अकरा.”

“हं,” व्हर्ना म्हणाली.

गुरुवारी तो पँट घेऊन गेला. पँट बेतशीर झाली होती. पाच-नऊच्या माणसाला बसते तशी तंतोतंत बसली, आणि तो काही बोलला नाही.

मार्चमध्ये इव्हान्सव्हिलच्या एका वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या: एका जाणकाराच्या मते लकेट सहा-पाचच्या वर नाही. आमच्या गावात जणू आग लागली. मर्लने पेपर टेबलावर आपटला.

“बदनामी! व्हर्ना, तू मापं घेतलीस त्याची. सांग यांना, खोटं आहे!”

व्हर्नाने कॉफीत साखर घातली.

“सांग ना! एक शब्द बोल!”

व्हर्ना खिडकीबाहेर बघत राहिली. मर्लच्या चेहऱ्यावर हळूहळू एक भयंकर विचार चढताना मी पाहिला.

“तो बुटांवाला तुझ्या दुकानात आला होता,” तो म्हणाला. “सगळ्यांनी पाहिलं. तूच सांगितलंस!”

“मर्ल, मी तिथेच होतो,” मी म्हणालो. “ती एक अक्षर बोलली नाही.”

“तू तिचा शेजारी. तू तिचीच बाजू घेणार.”

व्हर्नाने कॉफीचा कप खाली ठेवला. “बेचाळीस वर्षं, मर्ल,” एवढंच ती बोलली आणि उठली. दुसऱ्या दिवशी क्लेमची खुर्ची रिकामी होती.

त्या आठवड्यात ईस्टरच्या झग्यांची मापं द्यायला बायका आल्याच नाहीत. त्यांच्यात चर्चा अशी की जी बाई आज पोराची उंची सांगते, ती उद्या आमचे घेर सांगेल. त्यामागची भीती मला औषधवाला म्हणून समजू शकत होती.

शुक्रवारी टॅव्हियन तिच्या दुकानात आला. दाराखालून वाकून आत येतानाही तो सहा-आठचा वाटायचा, हे मात्र खरं.

“मिस व्हर्ना, तुम्ही सांगितलंत का?”

“तुला काय वाटतं?”

त्याने मान हलवली. “नाही सांगितलंत.”

“मग विचारायला कशाला आलास?”

“कोच म्हणाला, जा, विचारून ये.”

“ये इकडे. बाहीचं बटण लोंबतंय.”

बटण लावून होईपर्यंत तो स्टुलावर बसून होता. तो गेल्यावर व्हर्ना माझ्या दुकानात आली, रुमाल मागितला, नाक शिंकरलं आणि म्हणाली, “परागकण. या दिवसांत त्रास होतो.” बाहेर अजून बर्फ होतं.

एप्रिलमध्ये गुंता सुटला तो मर्लच्या तोंडाळपणामुळेच. फेंटन पुन्हा गावात आला आणि सकाळी पर्लकडे अंडी खायला बसला. मर्ल थेट त्याच्या टेबलाशी गेला.

“काय हो, आमच्या शिंपिणीकडून पोराची उंची काढलीत, लाज नाही वाटली?”

फेंटनने काटा खाली ठेवला. “कोण? ती बाई? माझी आजी थडग्यातून उठून जास्त बोलली असती. त्या बाईने मला फक्त माझी उंची सांगितली. त्यासाठी मी आभारी नाही.”

“मग तुम्हाला कळलं कसं?”

“तुमच्या जिमच्या दाराशी थंड पेयाचं मशीन आहे. ते बरोबर सहा फूट उंच असतं, सगळीकडे. पोरगा पायात सपाता घालून तिथे बाटली घ्यायला आला, मी फोटो काढला. मी सगळ्यांचे असेच काढतो.”

पाद्रीबुवा उठले, मर्लजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “मर्ल, बेटा,” ते म्हणाले, “आता तुला व्हर्नाच्या दारी चालत जावं लागेल.”

मर्ल चालत गेला. हातात त्याच्या बायकोने केलेलं पर्सिमन फळाचं पुडिंग होतं. गेल्या शरदात साठवलेल्या गराचं शेवटचं. मी मागोमाग गेलो, कारण असा प्रसंग गावात दरवर्षी येत नाही.

“व्हर्ना,” तो दारातूनच म्हणाला, “मी गाढव आहे.”

“हं,” व्हर्ना म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या.

“तू सांगितलं नव्हतंस.”

“हं.”

मग मर्ल थबकला. कपाळावर आठी आली. “थांब. म्हणजे तुला माहीत होतं! ऑक्टोबरपासून! मी रोज सकाळी सहा-आठ, सहा-आठ म्हणून बोंबलत होतो, आणि तू समोर बसून बिस्किटं खात होतीस?”

व्हर्नाने टाचण्या काढल्या. “बिस्किटं चांगली होती.”

“मला वेड्यात काढलंस!”

“मर्ल, तुझ्याबद्दल मला आणखी काय काय माहीत आहे आणि मी समोर बसून काय काय खाल्लंय, ते सांगायला लागू का?”

मर्लचा हात आपसूक पट्ट्यावर गेला. “नको,” तो म्हणाला. पुडिंग ठेवून तो मुकाट्याने घरी गेला. सोमवारी चारही खुर्च्या भरल्या.

मे महिन्यात शिकागोला सगळ्या उमेदवारांची अधिकृत मापं झाली, बूट काढून. पेपरात कोष्टक आलं. पाद्रीबुवांनी चष्मा लावून वाचलं: “लकेट. सहा फूट पाच.” ते समाधानाने मान हलवू लागले. “मी म्हटलंच होतं. तो खेळतो त्या जागेवर या उंचीला कोणी विचारत नाही. मला आनंद होत नाहीये, मर्ल.”

“होतोय,” मर्ल म्हणाला.

“पुढे वाचा,” व्हर्ना म्हणाली.

“पुढे काय? वजन…”

“त्याच्या पुढे.”

पाद्रीबुवांनी बोट सरकवलं. “दोन्ही हात पसरून, या बोटापासून त्या बोटापर्यंत…” ते थांबले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. “सात फूट एक.”

मग व्हर्नाने दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि सात महिने अडवून धरलेलं सगळं बाहेर आलं. सहा-पाचच्या पोराला सहा-दहाच्या माणसाचे हात असतील तर तो कुणाला अडवू शकतो, त्याच्यावरून नेम मारायला समोरच्याला किती वर बघावं लागेल, डावा हात कच्चा असला तरी तिथे चेंडू आधी पोचतो तो कसा, लंगड्या संघांविरुद्ध त्याने बचाव करताना पाय कसे ठेवले, जानेवारीच्या कोणत्या सामन्यात, कोणत्या कोपऱ्यात. पाद्रीबुवांनी पत्रकाची मागची बाजू तिच्यासमोर धरली, तिने ती बाजूला सारली. मर्ल तोंड उघडून ऐकत होता. पर्लने तिसऱ्यांदा कॉफी आणली तरी व्हर्नाचं संपलं नव्हतं.

“मग पहिली फेरी ना?” मर्लने भीत भीत विचारलं.

“नाही. दुसरी. सुरुवातीला.”

“पहिली!”

“कोणतीच नाही,” पाद्रीबुवा म्हणाले, पण त्यांचा आवाज पूर्वीसारखा नव्हता.

जूनमध्ये टॅव्हियनच्या आईने, ओपल लकेटने, व्हर्नाला घरी बोलावलं. ड्राफ्ट टीव्हीवर बघायला. व्हर्नाला गाडी चालवायला आवडत नसे म्हणून मी नेणार होतो, आणि आम्ही निघालो तर मागच्या सीटवर मर्ल आणि पाद्रीबुवा आधीच बसलेले. इव्हान्सव्हिलपर्यंत दोघं भांडले. पुलावर मी गाडी थांबवून दोघांना उतरवायची धमकी दिली.

ओपलचं घर माणसांनी फुललं होतं. मामा, मावश्या, शेजारी, चर्चची मंडळी, परातभर भाजलेल्या बरगड्या, एवढी मोठी कढई भरून बटाट्याचं सॅलड. ओपलने व्हर्नाचे दोन्ही हात धरले. “तुम्हीच ना त्या? त्याने सांगितलं मला. बसा इथे, टीव्हीसमोर. अरे, उठा रे, बाईंना बसू द्या.” टॅव्हियन कोपऱ्यात सूट घालून बसला होता आणि काही खात नव्हता. दीड वर्षाच्या मामेबहिणीला त्याने मांडीवर घेतलं होतं. ती त्याच्या टायने खेळत होती.

नावं सुरू झाली. दहावं, पंधरावं, विसावं. पंचविसाव्याला मर्ल उठून उभा राहिला. तिसावं नाव दुसऱ्याच कोणाचं निघालं, तेव्हा तो अंगणात गेला आणि कुंपणाला टेकून उभा राहिला. ओपलच्या एका भावाने त्याला बरगडीची बशी नेऊन दिली. व्हर्ना पदराशी चाळा करावा तशी आपल्या स्वेटरच्या शिवणीशी चाळा करत होती. तिने एक टाका उसवलासुद्धा. बत्तीस. तेहतीस. टॅव्हियनने बहिणीला आईकडे दिलं.

सदतिसावं नाव पुकारलं गेलं तेव्हा मला ते ऐकूच आलं नाही, कारण माझ्या शेजारून एक किंकाळी उठली. ती पाद्रीबुवांची होती. नोव्हेंबरपासून ‘नाही जाणार’ म्हणणारा तो माणूस जागच्या जागी उडी मारून खाली आला, तो एक पाय थेट सॅलडच्या कढईत. पुढे पाच मिनिटं काय चाललं ते मला नीट सांगता यायचं नाही. रडणं होतं, नाचणं होतं, कोणीतरी पियानो वाजवत होतं. टॅव्हियनने आईला उचललं, मग बहिणीला, मग त्याने ते लांबच लांब हात व्हर्नाभोवती टाकले आणि तिला जमिनीवरून वर घेतलं.

“सोड! कोट चुरगळेल!” व्हर्ना ओरडली.

“तुम्ही करा ना परत इस्त्री, मिस व्हर्ना!”

परतीच्या वाटेवर पाद्रीबुवांच्या एका बुटातून मेयोनीजचा वास येत होता.

“मी म्हटलं होतं जाणार,” मर्ल म्हणाला.

“तू पहिली फेरी म्हटलं होतंस,” पाद्रीबुवा म्हणाले. “पहिल्या फेरीत नाही जाणार, हे मीच म्हणत होतो. तेवढ्यापुरता मी बरोबर.”

“तुम्ही म्हणत होता कुठेच नाही जाणार!”

“त्याचा अर्थ तसाच होतो.”

व्हर्ना पुढच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. ती हसत होती की झोपली होती, ते मला गाडी चालवताना नीट दिसलं नाही.

टॅव्हियन त्याला उचलणाऱ्या संघात चार वर्षं खेळला, बहुतेक बाकावरून उठून शेवटची दहा मिनिटं, समोरच्या सर्वांत चांगल्या माणसाला अडवायला. मग काही वर्षं स्पेनमध्ये. आता इव्हान्सव्हिलच्या एका शाळेत तो पोरांना शिकवतो.

पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जे झालं ते गावात फार जणांना माहीत नाही. कॉलेजचा माणूस नव्या संघाच्या सुटांची ऑर्डर घेऊन व्हर्नाकडे आला. चौदा सूट, तिच्या वर्षातलं सर्वांत मोठं काम. मी दारातच उभा होतो. व्हर्नाने कागद वाचला आणि त्याला परत दिला.

“दुसरीकडे बघा,” ती म्हणाली. “मला जमणार नाही.”

तो माणूस गेल्यावर मी विचारलं, “अगं, हात दुखतात का?”

“हात ठीक आहेत,” ती म्हणाली. “चौदा पोरांना मोजलं की सात महिने मला बिस्किटं खात बसावं लागतं, डॉक. एकदा केलं. पुन्हा माझ्याच्याने व्हायचं नाही.”

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी ती साडेसहाच्या आधीच डायनरमध्ये हजर होती. मर्लने आत येता येताच टेर होट शहरातून आलेल्या एका काटकुळ्या नव्या पोराचं नाव घेतलं आणि म्हणाला की तो नक्की जाणार. व्हर्नाने त्याला खुर्चीतसुद्धा नीट बसू दिलं नाही.

“तो?” ती म्हणाली. “मर्ल, त्याचे पाय बघितलेस का तू?”